करंजाच्या झाडापुढं

तुमचं किंवा तुमच्या घरातल्या कुणाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं असेल, भेटायला येणाऱ्यांना तुम्ही हसून चहा देत असाल आणि ते गेले की दाराला कडी लावून रडत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. धीराच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. मलाही भेटले, आणि मला त्यांचा राग आला. म्हणून आधीच सांगून टाकते, मी धीराची बाई नाही. मी भित्री आहे. तोंडानं मोठी असल्यामुळं इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, एवढंच.

माझं नाव महानंदा. मुरगूडजवळ एका गावात आमचं घर आहे, आणि मुरगुडात ह्यांचं दुकान. शेतीपंपाच्या मोटारी, पाइप, पाणी मागं पडू न देणारे फुटव्हॉल असलं सामान हे विकतात. दुकानात येईल त्याला ‘या पावणं’ म्हणायचं, अशी ह्यांची सवय. ओळखीचा असो नसो, सगळे पाव्हणेच. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. आम्ही लिंगायत. माझं माहेर सीमेकडं, त्यामुळं बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. आणि आवाज असा, की मी परसात कुणाला हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबून ‘ओ’ द्यायचा.

फुटव्हॉल

जिना चढताना मला धाप लागायला लागली. मी म्हणायचे, वजन वाढलंय. मग भाकरी थापताना लागायला लागली. मग एक दिवस बसल्या जागी लागली, आणि मुलानं मला गाडीत घालून कोल्हापूरला नेलं.

छातीवर थंडगार मलम लावून एका तरुण डॉक्टरनं पडद्यावर माझं हृदय बघितलं. बराच वेळ बघितलं. जे बरं असतं ते बघायला एवढा वेळ लागत नाही, हे मला कळत होतं. मी छताकडं बघत पडून राहिले.

“काकी, लहानपणी कधी सांधे सुजून ताप आलता का?”

आला होता. शाळा बुडाली म्हणून मला बरंच वाटलं होतं तेव्हा.

“त्यानं हृदयाची एक झडप खराब झालीय. रक्त पुढं जायचं, त्यातलं बरंचसं मागं येतंय.”

हेही बरोबर आले होते, कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, “म्हंजे फुटव्हॉल गेलाय?”

डॉक्टर हसला. “बरोबर बोललात. तसंच काहीसं.”

“मग पावणं, मोटार जळती की.”

डॉक्टर हसायचा थांबला.

माझी भीती सुरू झाली ती तिथं. डॉक्टरच्या बोलण्यानं नाही, ह्यांच्या तोंडाकडं बघून. फुटव्हॉल गेलेल्या मोटारी हे रोज बघतात. फुटव्हॉल पाणी मागं सोडत असला तरी मोटार बिचारी ओढत राहते, ओढत राहते, आणि एक दिवस धूर निघतो. मला काहीच समजलं नव्हतं. ह्यांना सगळं समजलं होतं.

मी डॉक्टरला विचारलं, “मी जगतो न्हवं?” आमच्याकडं बायकाही असंच म्हणतात, येतो, जातो, जगतो. तो म्हणाला, “झडप बदलायची. लोक ऑपरेशन करून घेतात आणि छान जगतात.” त्यानं सगळं सांगितलं, पण मला ‘बदलायची’च्या पुढचं काही ऐकू आलं नाही.

गळ्यातलं काढा

आमच्यात मूल जन्मलं की जंगम, म्हणजे आमचे गुरू, येऊन त्याच्या अंगावर इष्टलिंग बांधतात. चांदीची छोटी डबी, तिच्यात लिंग, आणि ती गळ्यातल्या दोऱ्यात. पूजा करताना ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा झाली की पुन्हा अंगावर. देवळात जाऊन देव भेटायचा असं आमच्यात नाही. तो बरोबर चालतो. ते अंगावर नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही. आणि ते हरवलं तर काय, ह्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. माझी आज्जी एवढंच म्हणायची, “लिंग हरवलं, त्याचं सगळं हरवलं.”

ऑपरेशनच्या सकाळी नर्स आली. सांगलीकडची, तरतरीत पोरगी. म्हणाली, “काकी, मंगळसूत्र, बांगड्या, गळ्यातलं सगळं काढून द्या.”

बाकी सगळं काढलं. डबीला हात लागला आणि तिथंच थांबला.

“ह्ये न्हाय निघत.”

“निघंल की काकी. दोराच तर आहे.”

“दोरा निघतोय गं पोरी. मीच न्हाय निघत.”

ती समजूतदार होती. हाताला बांधू का म्हणून आत विचारून आली, पण आत काहीच चालणार नव्हतं. मला मरणाची भीती होतीच, पण त्याहून वेगळी एक भीती होती. मी आत मेले तर त्या वेळी तो अंगावर नसणार. जन्मल्यापासून जो उतरला नाही, तो नेमका त्या वेळी नसणार.

तेव्हा हे उठले. बेसिनवर जाऊन हात धुतले. पूजेला कायम घाईत बसणारा, नमः शिवाय म्हणता म्हणता दुकानाच्या किल्ल्या हुडकणारा हा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं डावा तळहात पुढं केला.

“दे हिकडं. तू भाईर येईस्तोवर हातातनं खाली ठेवत न्हाय.”

माझी थोरली बहीण, गंगाक्का, निपाणीहून आली होती. तिनं नंतर सांगितलं, की त्यांनी खरंच ठेवलं नाही. कागदांवर सह्या उजव्या हातानं केल्या. कुणी पाण्याची बाटली दिली ती दातानं उघडली, आणि मग अक्काकडं बघून तशीच ठेवली, प्यायली नाही, कारण आत माझ्या अंगावर लिंग नव्हतं. मुलगा म्हणाला, “पप्पा, खिशात तरी ठेवा.” तर त्याच्यावर असे खेकसले की सगळा मजला वळून बघायला लागला.

मला हे काही दिसलं नाही. मला दिसले ते मोठाले दिवे. आत फार थंडी होती आणि तिथली माणसं आपापसात जेवणाबद्दल बोलत होती. लहानपणी मी भ्यायले की आई म्हणायची, ‘अंजबेड.’ कानडीत त्याचा अर्थ भिऊ नको. मी तो शब्द मनात धरायला गेले, तर तोही सापडेना.

वाजतंय

जाग आली तेव्हा घशात नळी होती. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता येत नव्हतं. सगळ्या जगाला ऐकू जाणारी बाई मी, आणि आता पाणी मागायला बोटं हलवत होते.

आणि काहीतरी वाजत होतं. आधी वाटलं भिंतीवरचं घड्याळ. मग कळलं, ते माझ्यात आहे. नवी झडप उघडताना मिटताना वाजते हे मला आधी सांगितलं होतं म्हणे. असेल. टिक, टिक, टिक. ज्याला भीतीची सवय आहे त्याला हे असलं देऊ नये. मी ते ऐकत पडायचे, आणि दोन टिकांमध्ये जरा जास्त वेळ गेला की श्वास धरायचे. श्वास धरला की ती आणखी जोरात वाजायची.

हे भेटायला आले तेव्हा डावी मूठ तशीच मिटलेली होती. छातीवर पट्ट्या, त्यामुळं गळ्यात बांधायची सोय नव्हती. नर्सला विचारून त्यांनी डबी माझ्या डाव्या दंडाला बांधली. मग मूठ उघडझाप करत उभे राहिले, कारण बोटं आखडली होती. मी रडले, पण नळी असताना धड रडताही येत नाही.

वॉर्डात आल्यावर दिवस एकाच साच्याचे झाले. सकाळी सुई. मग नळकांड्यातनं श्वास आत ओढून त्यातले गोळे वर उचलायचे. मग खोकायचं, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, कारण मधलं हाड कापून तारेनं शिवलेलं असतं. तुम्हालाही ती उशी देतील. तिला लाजू नका, ती मोठी सोबत आहे.

शेजारच्या खाटेवर नेसरीच्या एक काकू होत्या. एका सकाळी मी उठले तर खाट रिकामी, चादर बदललेली. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल ही भीती. जेवण गेलं नाही, गोळे वर उचलले गेले नाहीत. दुपारी त्या काकूच चालत आल्या, माझ्या खाटेच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, “खिडकीजवळची खाट मिळाली बाई मला. हितं लई उकडत हुतं.” मी त्यांचा हात धरला तो सोडेचना. त्यांना वाटलं मला खिडकी हवी आहे.

करंजाचं झाड

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, चालायचं. रोज, थोडं थोडं वाढवत. आणि त्याच दमात सांगितलं, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आहे, तेव्हा पडू नका, कापून घेऊ नका, रक्त लवकर थांबायचं नाही. काही दिवस विसरायला होईल, तेही घाबरण्यासारखं नाही, म्हणाले. विसरायला खरंच व्हायचं. चहात साखर घातली का, आंघोळ झाली का, गॅस बंद केला का, सगळं माझ्यासाठी घरी राहिलेल्या अक्काला विचारायचे.

आमच्या दारातनं एक पाणंद, म्हणजे शेतातली गाडीवाट, निघते, ती वेदगंगा नदीपर्यंत जाते. दोन्ही बाजूंनी ऊस. थंडीचे दिवस होते, उसाला तुरे आलेले, सकाळी धुकं इतकं की चार पावलांवरचं दिसायचं नाही. लोक म्हणतात, निसर्गात फिरलं की मन शांत होतं. माझं मन तिथं जास्तच घाबरायचं. उसाच्या पात्याला धार असते, ती लागली तर? कुत्रं आलं तर? दवानं पाय घसरला तर? मी अक्काचा दंड धरून मधोमध चालायचे, काचेची भांडी डोक्यावर घेतल्यासारखी.

अक्का म्हणाली, “ओम नमः शिवाय म्हणत चाल.” माझा श्वास ‘नमः’लाच संपायचा. ‘शिवाय’ कधी यायचंच नाही. मी म्हटलं, “अक्का, देव पुरा हुईना.” ती म्हणाली, “मग निम्मा म्हण की. त्यो काय मोजत बसलाय व्हय?” तेव्हापासून मी नुसतं ‘शिव’ म्हणायला लागले. एका पावलाला शि, दुसऱ्याला व. त्याच्या मधे मधे कामं सांगायचे. शिवा, कुत्रं येऊ देऊ नको. शिवा, ट्रॅक्टर येऊ देऊ नको. शिवा, ह्या टिकनंतर दुसरी टिक येऊ दे. इतकी कामं ह्यांनी कधी दुकानातल्या गड्याला सांगितली नसतील.

पाणंदीत जरा पुढं एक करंजाचं झाड आहे. तिथवर गेलं की मी गळ्याला हात लावायचे, डबीला, आणि मागं फिरायचे. टाके सुकल्यावर एका सोमवारी अक्कानं ती दंडावरनं काढून पुन्हा गळ्यात बांधली होती. करंजाच्या पुढं मी कधी गेले नाही. अक्का रोज म्हणायची, “चल की, नदी बघून येऊ.” मी रोज म्हणायचे, “उद्या.” ती एकटीच पुढं जायची आणि मी झाडाखाली उभी राहून तिच्या पायांचा आवाज ऐकत राहायचे. एक धोबी पक्षी शेपूट हलवत माझ्यापुढं पाणंदीत चालायचा, मी जवळ गेले की जरा पुढं उडून परत थांबायचा. अक्का म्हणायची, देवानं गडी धाडलाय. मला तो पक्षी एकाएकी उडाला तरी दचकायला व्हायचं.

घरातही सगळं सरळ नव्हतं. हे मला तांब्या उचलू देत नसत. मी कुठं बसले की जवळ येऊन मान वाकडी करून ऐकायचे आणि विचारायचे, “धरतोय न्हवं फुटव्हॉल?” मला त्याची चीड यायची. मी म्हणायचे, “जिवंत बाई हाय मी, दुकानातला माल न्हाय.” ते दारापर्यंत जायचे, आणि परत येऊन पुन्हा ऐकायचे.

अक्का गेली त्या दिवशी

अक्काला निपाणीला जाणं भाग होतं, तिच्या घरीही सून बाळंतीण होती. सकाळी तिनं मला आंघोळ घातली, पूजा करून घेतली, स्वेटर चढवला. दोघीही रडत होतो. मुलगा शिफ्टला जाता जाता तिला एसटीला सोडायला घेऊन गेला.

हे म्हणाले, “आज चालाय जाऊ नगंस. उद्या मी येतो संगट.”

“उद्या उद्या करत तुमी मला घरातच पुराल.”

हे मोटरसायकल काढून दुकानाला गेले. बोलल्याचं वाईट वाटत होतं, आणि त्याचाच राग येऊन मी चपला घातल्या आणि एकटी निघाले. रागात भीती वाटत नाही. पण राग पाणंदीच्या तोंडापर्यंतच पुरला. तिथं एक ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या घेऊन धडधडत माझ्यापुढनं नदीकडं गेला. मी बांधाला अंग चोरून उभी राहिले. मग शि, व, शि, व करत कशीबशी करंजापर्यंत पोचले आणि सवयीनं गळ्याला हात नेला.

गळ्यात काही नव्हतं.

मी स्वेटरच्या गळ्यातनं हात घातला. जखमेवर हात फिरला, पट्टी लागली. दोरा नाही, डबी नाही.

त्या क्षणी जे झालं ते ऑपरेशनच्या दिवशीही झालं नव्हतं. कानात हवा भरल्यासारखं झालं, टिकटिकही ऐकू येईना. मला वाटलं, थांबलं. आज्जीचं वाक्य आठवलं. लिंग हरवलं, त्याचं सगळं हरवलं. मला पक्कं वाटलं की मी आज मरणार, ह्याच पाणंदीत, ह्यांना तसलं बोलून.

वाकून वाकून मी घरापर्यंत मागं गेले, पुन्हा करंजापर्यंत आले. पाणंदीत नुसत्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या नक्ष्या. मग मनात आलं, डबी चाकाला चिकटून गेली असेल. आता हसू येतं. दोरा कुठंतरी आधी तुटला, डबी चिखलात पडली, चाकानं उचलली, अशी सगळी हकिगत मी उभ्या उभ्या रचली. भीतीला अक्कल नसते, पण पाय असतात. चाकांचा माग काढत मी करंजाच्या पुढं गेले.

पुढं एका फडात ऊसतोड चालू होती. बीडकडची टोळी. कोयते चालत होते, बाया मोळ्या बांधत होत्या, ट्रॅक्टर कडेला उभा होता. मी सरळ त्याच्या चाकाशी जाऊन बसले आणि बोटांनी चिखल उकरायला लागले. मग खाली पसरलेलं उसाच्या वाळक्या पानांचं पाचट दोन्ही हातांनी उसकटायला लागले.

“काय झालं ओ ताई? काय पडलं?”

“माजा देव,” मी म्हटलं. “माजा देव पडला.”

एकेक करून कोयते थांबले. कुणी विचारलं केवढा, कुणी विचारलं सोन्याचा का. मी बोटांनी आकार दाखवला. बाया वाकल्या, गडी वाकले. मुकादम बांधावरनं ओरडला, “ए, फडात काय जत्रा भरलीया?” एका बाईनं त्याला सांगितलं, “ताईंचा देव हरवलाय,” तर तोही शिव्या देत खाली उतरला आणि पायानं पाचट बाजूला करायला लागला.

तेवढ्यात माझा डावा तळहात कापला. पात्यानं का उसाच्या बुडख्यानं, कळलं नाही. रक्त आलं, आणि ते थांबेना. मी ते बघत बसले. ज्याला मी एवढे दिवस भीत होते ते हे असं होतं, लाल आणि कोमट, मनगटावरनं ओघळणारं.

“रगत पातळ हाय माजं,” मी म्हटलं. “थांबत न्हाय त्ये.”

एका बाईनं मला खाली बसवलं. तिचं नाव इंदू, हे मागनं कळलं. डोक्याचं फडकं सोडून तिनं माझ्या तळहातावर दाबून धरलं, हात वर उचलला आणि तो तसाच वर राहावा म्हणून दुसऱ्या हातानं माझा दंड गच्च धरला. धरला आणि थबकली.

“ताई, दंडाला काय बांधलंय ह्ये?”

स्वेटरवरनं मी हात लावला.

सकाळी आंघोळीनंतर अक्का म्हणाली होती, “डबी घासून घासून जखमेचं खालचं टोक लाल झालंय ग. चार दिस दंडालाच राहू दे.” मी हात पुढं केला होता. तिनं गाठ मारली होती. गाठ मारताना ती रडत होती, मी रडत होते, आणि मी विसरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी आजवर निम्म्या गावावर मारली आहे.

इंदू माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, “देव दंडाला बांधून देव हुडकाया लागलाव व्हय ताई?”

सगळा फड हसला. मुकादमही हसला. आणि मीही हसायला लागले. हसताना छातीच्या हाडात असली कळ आली की मी उजव्या हातानं छाती धरली, उशी नव्हती म्हणून इंदूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हसता हसता मोठ्यानं रडले. ऑपरेशन झाल्यापासून एवढा मोठा आवाज माझ्यातनं निघाला नव्हता.

बाकीचे कामाला लागले. इंदू बसून राहिली, फडकं दाबून. रक्त थांबायला पुष्कळ वेळ लागला. पण थांबलं.

मान वर केली तर करंजापासून तिथवरची उसाची भिंत गेली होती. धुकंही विरलं होतं. कापलेल्या रानात बगळे उतरले होते. एका बाजूला नदी, अगदी जवळ, संथ. दुसऱ्या बाजूला आमच्या घरावरची पाण्याची टाकी. एवढंसं ते अंतर, आणि मी त्याला परमुलूख समजत होते.

चालत येतो

ह्यांनी दुकानातनं फोन केला होता. फोन घरात टेबलावर वाजत राहिला, तेव्हा दुकान उघडंच टाकून हे आले. पाणंदीतनं मोटरसायकल अशी आली की बगळे उठले. माझ्या हातावरचं रक्ताचं फडकं बघून ह्यांचा चेहरा डॉक्टरच्या खोलीत झाला होता तसा झाला. गाडी बंद केली, माझ्याजवळ बसले, मान वाकडी करून ऐकलं.

त्या वेळी मला चीड आली नाही. मी विचारलं, “धरतोय न्हवं?”

“धरतोय,” हे म्हणाले. “चल, बस गाडीवर.”

“न्हाय. चालत येतो मी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग गाडी सुरू न करता हाताशी धरली आणि ढकलत माझ्या शेजारनं चालायला लागले. दोघांनाही धाप लागत होती. करंजाखाली थोडं थांबलो. सकाळचं बोलणं मी मागं घेतलं आणि त्यांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी तळहात डॉक्टरांना दाखवून आलो.

तुम्हाला सांगायचं ते

मला वाटायचं, देव बरोबर असला की भीती वाटत नाही. म्हणजे मला भीती वाटते त्या अर्थी माझ्यातच काही कमी आहे, भक्ती म्हणा, पुण्याई म्हणा. ऑपरेशनला जाताना तुमच्याही मनात हे येईल. त्या दिवशी पाचटात बसून मला एवढं कळलं, की तो बरोबर असतो आणि भीतीही वाटते. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. मी त्याला हुडकत होते, तेव्हा तो माझ्याच दंडावर बसून माझ्याबरोबर वाकत होता. त्या सगळ्या वेळात मी एकदाही ‘शिव’ म्हटलं नव्हतं. त्याचं काही अडलं नाही.

जखम आता बरी आहे आणि डबी पुन्हा गळ्यात आहे, बरोबर शिवणीवर. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायला जावं लागतं आणि तो कागद हातात येईपर्यंत मी अजून शि, व, शि, व करत बसते. टिकटिक चालूच आहे. अक्का फोनवर म्हणते, घड्याळ गिळलेली बाई. इंदूची टोळी पुढच्या गावाला गेली. मी तिच्यासाठी नवं फडकं घेऊन गेले तेव्हा रान रिकामं होतं, ते फडकं कपाटात आहे.

कापलेल्या बुडख्यांना हिरवे कोंब आलेत. मी रोज सकाळी नदीपर्यंत जाते. भीतीही येते. घरातनं निघताना ती पुढं असते. करंजाच्या झाडापाशी आलं की थांबते आणि माझा पदर मागं ओढते. मग मी गळ्यातल्या डबीला हात लावते, आणि भीतीला सांगते, नदीपलीकडं ऐकू जाईल अशा माझ्या जुन्या आवाजात, “चला की पावणं. इथवर आलायसा न्हवं?”